न फिरलेले चाक

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात एक सायकलचे चाक उभे केले होते, ते अनेकांना आठवत असेल. दोन लाकडी खांबांवर टेकवलेला आस, आऱ्यांवर तिरक्या बांधलेल्या पारदर्शक नळ्या, नळ्यांत खुळखुळणारे पोलादी छर्रे आणि खाली मुलांच्या हातची पाटी. पाटीवर मराठीत आणि कन्नडमध्ये लिहिले होते, 'हे चाक आपोआप फिरायला हवे होते. फिरत नाही. का ते सांगा.' येणारे-जाणारे चाकाला हात लावत, ढकलत, हसत आणि प्रसाद घेऊन पुढे जात. काहींनी मला विचारलेही, की गणपतीपुढे न चालणारी वस्तू कशाला मांडलीत? आरतीच्या गडबडीत तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. यंदा स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा ते राहिलेले उत्तरच लिहून द्यावे असे ठरवले. कारण त्या चाकाचा इतिहास जवळजवळ चौदाशे वर्षांचा आहे, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या मराठी-कानडी मुलखातले आहे.

सप्तापूरच्या माणसाला क्लासेस म्हणजे काय हे सांगायला नको. बावीच्या स्टॉपवर उतरले की पाट्याच पाट्या दिसतात. बाहेरगावची मुले खोल्या घेऊन राहतात, पहाटे पाठीवर दप्तर घेऊन निघतात आणि रात्री परततात. आपल्या मंडळातली नववी-दहावीची मुलेही त्याच वाटेवर आहेत. ती हुशार आहेत, याबद्दल शंका नाही. मी नोकरीची सारी वर्षे फिरत्या यंत्रांच्या देखभालीत घालवली, म्हणून मुले कधीमधी गणिते घेऊन येतात. एकदा सहा-सात जण 'मोमेंट'ची गणिते घेऊन आली होती. वजन गुणिले आसापासूनचे आडवे अंतर. एका बाजूची बेरीज दुसऱ्या बाजूच्या बेरजेइतकी झाली की तोल साधला. सगळ्यांची उत्तरे बरोबर. मी सहज विचारले, "सायकलचे पुढचे चाक काढून दोन हातांत आसाने धरले आणि मोकळे सोडले, तर ते कुठे थांबेल?" मुले एकमेकांकडे पाहू लागली. पुस्तकात असा प्रश्न नव्हता.

चाक घरातच होते. धरून पाहिले. चाक थोडे मागेपुढे डोलले आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबले. पुन्हा फिरवले, पुन्हा व्हॉल्व्ह खालीच. "काका, इथे जड आहे," एक मुलगी म्हणाली. मग समोरच्या बाजूच्या आऱ्यांना सोल्डरची तार गुंडाळून गुंडाळून तोल आणायचा खेळ सुरू झाला. जास्त गुंडाळली की तार खाली येई, कमी पडली की व्हॉल्व्ह. तासाभराने चाक अशा स्थितीला आले की कुठेही सोडा, ते तिथेच राही. त्या शांत राहिलेल्या चाकाकडे मुले ज्या कौतुकाने पाहत होती, तसे कौतुक मी त्यांच्या तोंडावर बरोबर उत्तराच्या वेळी पाहिले नव्हते.

नंतर आम्ही कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. मेस्त्री चाक ट्रू करत होते. मुलांनी विचारले, कुठली आरी किती आवळायची हे तुम्हाला कसे कळते? ते हसून म्हणाले, "कैगे तिळीतदरी." हाताला कळतं हो. घरी आल्यावर एकीच्या आजींनी तेच वेगळ्या शब्दांत सांगितले. जात्याचा खुंटा कडेला का बसवतात, मध्याजवळ का नाही, हे एकदा दळायला बसलेल्या बाईला विचारा, ती मोमेंट हा शब्द न उच्चारता सगळे सांगेल.

गणेशोत्सव जवळ आला होता. मंडळाने मुलांना एक कोपरा दिला होता आणि काहीतरी फिरते करून दाखवावे अशी त्यांची इच्छा होती. मी त्यांना भास्कराचार्यांच्या स्वयंवह यंत्राची गोष्ट सांगितली. स्वयंवह म्हणजे आपले आपण चालणारे.

भास्कराचार्य आपल्याला 'लीलावती'मुळे ठाऊक असतात. त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, की त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इसवी सन १११४ मध्ये झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. वडिलांचे नाव महेश्वर, गोत्र शांडिल्य, आणि गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड. हे विज्जडविड नेमके कुठले, यावर वाद आहे. आपले कन्नड मित्र विजापूर म्हणतात, महाराष्ट्रातले अनेक अभ्यासक चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. धारवाडात राहून हा वाद चहाच्या टेबलावर पुष्कळदा ऐकला आहे. तो इथे सोडवण्याचे कारण नाही. दोन्ही बाजूंना आचार्य आपले वाटतात, यात काहीच वाईट नाही.

'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे. त्यात शंकू, घटिकायंत्र, चक्र, चाप अशी वेध घेण्याची साधने सांगितल्यावर शेवटी स्वयंवह येते. हलक्या लाकडाचे एक चाक घ्यायचे. त्याला पोकळ आरे समान अंतरावर बसवायचे, सगळ्यांचे भोक सारखे, आणि सगळे एकाच बाजूला थोडे कललेले. तगरीच्या फुलाच्या पाकळ्या जशा एका दिशेला वळलेल्या असतात, तसे काहीसे डोळ्यांपुढे आणावे. प्रत्येक आऱ्यात अर्ध्यापर्यंत पारा भरायचा, तोंडे बंद करायची आणि आस दोन खांबांवर ठेवायचा. मग हे चाक आपोआप फिरू लागते, असे ग्रंथ सांगतो.

कल्पना पटण्यासारखी आहे, हे मान्य करायला हवे. खाली जाणाऱ्या बाजूला पारा परिघाकडे घरंगळतो, आसापासून दूर जातो. वर येणाऱ्या बाजूला तो आसाजवळ येतो. दूरचे वजन जड भरते, हे सी-सॉवर बसणाऱ्या लहान मुलालाही कळते. मग एक बाजू कायम जड, दुसरी कायम हलकी आणि चाक कायम फिरते.

ही कल्पना भास्कराचार्यांची नव्हे. त्यांच्या आधी पाचशे वर्षे भिल्लमालच्या, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळच्या ब्रह्मगुप्तांनी इसवी सन ६२८च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त पारा भरलेल्या आऱ्यांचे चाक सांगितले आहे. या विषयाचे जगातले जुन्यात जुने लिखाण शोधू लागले की बोट इथेच येऊन थांबते. भास्कराचार्यांनी पूर्वसूरींची ही परंपरा पुढे नेली आणि आरे तिरके केले.

मुलांना पारा द्यायचा नाही हे उघड होते, तो विषारी. गवंडी लेव्हल बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, तिचे आठ तुकडे केले. प्रत्येकात मेस्त्रींनी दिलेले चार-चार छर्रे घातले, टोके बंद केली आणि नळ्या एकाच कलाने आऱ्यांना बांधल्या. नळ्या बांधण्याआधी चाकाचा तोल पुन्हा साधून घ्यावा, हे मी सांगण्याची वाट कुणी पाहिली नाही. व्हॉल्व्हमुळे चाक थांबले असे कुणी म्हणायला नको, एवढे त्यांना आता कळले होते.

चाक सोडले. ते थोडे हलले, छर्रे खडखडले आणि चाक थांबले. ढकलले की एक-दोन फेरे होत आणि पुन्हा थांबे. नळ्यांचा कल बदलून पाहिला, छर्रे कमी-जास्त केले, आसाला तेल दिले. चार संध्याकाळी अशा गेल्या. पाचव्या दिवशी एका मुलाने चाक ढकलणे सोडून थांबलेल्या चाकासमोर फूटपट्टी घेऊन बसायचे ठरवले. त्याने प्रत्येक नळीतल्या छर्ऱ्यांचे आसापासूनचे आडवे अंतर मोजले. तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली. ज्या बाजूला छर्रे परिघाशी गेले होते, त्या बाजूला नळ्या तीनच होत्या. दुसऱ्या बाजूला छर्रे बहुतेक आसाजवळ होते, पण नळ्या पाच होत्या.

सोपे करून सांगायचे तर, तीन सारखी वजने आसापासून २० सेंटिमीटरवर ठेवली आणि पाच वजने १२ सेंटिमीटरवर ठेवली, तर तीन गुणिले वीस साठ आणि पाच गुणिले बारा साठ. तोल साधला. नळ्या तिरक्या करून आपण दूरच्या वजनाचा फायदा घेतो खरा, पण त्याच तिरकेपणामुळे दुसऱ्या बाजूला वजनांची गर्दी होते. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने परत गेले. शिवाय एका पूर्ण फेऱ्यात प्रत्येक छर्रा जितका खाली येतो तितकाच त्याला वर चढावे लागते. त्यात शिल्लक काही उरत नाही, आणि आसाचे घर्षण मात्र प्रत्येक फेऱ्याला आपला वाटा घेऊन जाते.

मुलांनी हे स्वतः मोजून काढले होते, म्हणून ती खूश होती. तरी मंडपात काय मांडायचे, हा प्रश्न उरलाच. चतुर्थी चार दिवसांवर आली होती. एकाने सुचवले की मागच्या पडद्याआड छोटी मोटर लावावी. गणपतीच्या मागची प्रभावळ मोटरवर फिरते, तसे हेही फिरेल. लोक थांबून बघतील, फोटो काढतील. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनाही ते पसंत पडले, आणि त्यांचे कारण अधिक गंभीर होते. ते म्हणाले, "आचार्यांनी लिहिलं की चाक फिरतं, आणि आपण गणपतीसमोर पाटी लावणार की फिरत नाही? उद्या कुणी विचारलं, तुमच्या भास्कराचार्यांना एवढंही कळलं नाही का, तर काय सांगायचं?" त्यांचा सूर रागाचा नव्हता, दुखावल्याचा होता. मुले गप्प झाली. मलाही तिथल्या तिथे उत्तर सुचले नाही.

त्या रात्री मी ग्रंथाचे ते प्रकरण पुन्हा काढले. स्वयंवह यंत्रे सांगून झाल्यावर भास्कराचार्य शेवटी जे म्हणतात, ते मी पूर्वी घाईने वाचून पुढे गेलो होतो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की अशी आपोआप चालणारी यंत्रे कुहकविद्येने पुष्कळ प्रकारे होतात. गोलाच्या अभ्यासाशी यांचा संबंध नाही. आधीच्यांनी सांगितले म्हणून मीही सांगितले. कुहकविद्या म्हणजे जादूगिरी, चकवण्याची कला. म्हणजे आचार्यांनी हे चाक आपल्या शास्त्राच्या आत घेतलेच नाही, उंबऱ्याबाहेर ठेवले. फिरते असे त्यांनी लिहिले, हे खरे. पण त्याची जबाबदारी घेताना त्यांनी हात थोडा आखडला, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. भास्कराचार्यांनी पूर्वसूरींच्या चुका झाकल्या नाहीत. लल्लाचार्य हे आठव्या शतकातले मोठे ज्योतिषी, त्यांचा ग्रंथ भास्कराचार्यांनी मन लावून अभ्यासलेला. त्यांनी गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढायला मोठ्या वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ असे सूत्र दिले होते. भास्कराचार्यांनी ते चूक म्हणून स्पष्ट सांगितले आणि बरोबर उत्तर दिले, वर्तुळाच्या क्षेत्रफळाच्या चौपट. चेंडूवर जाळे चढवावे तसे ते क्षेत्रफळ समजावे, हा दृष्टान्त त्यांचाच. आणि हे पटवायला ते टीकेत काय करायला सांगतात? मातीचा किंवा लाकडाचा गोल करून त्यावर रेषा आखा, आवळ्याच्या फोडींसारखे भाग पाडा. म्हणजे वस्तू हातात घेऊन शिकणे ही काही आजची नवी कल्पना नाही. बाराव्या शतकातला आपला सर्वांत मोठा गणिती माती मळून शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळे त्या ज्येष्ठांना सांगितले आणि पाटणच्या शिलालेखाचीही गोष्ट सांगितली. ती इथे सर्वांसाठी लिहितो.

चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथला एक शिलालेख अभ्यासकांपुढे आणला. शके ११२८चा, म्हणजे इसवी सन १२०७च्या सुमाराचा हा लेख आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यादवांच्या दरबारी पंडित होते. त्यांचे पुत्र चंगदेव सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी. या चंगदेवांनी आजोबांचे 'सिद्धान्तशिरोमणी'सारखे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तिथे मठ स्थापन केला, आणि निकुंभ वंशातल्या स्थानिक राजांनी त्याला दान दिले. नातवाने आजोबांचे स्मारक म्हणून देऊळ किंवा पुतळा उभारला नाही, शाळा उभारली.

लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवटी जिथे शाळेच्या खर्चाची तजवीज सांगायची, तिथे भाषा बदलून मराठी होते. व्यवहाराची गोष्ट लोकांना कळली पाहिजे ना! पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरचा काही वाटा मठाला, गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, आणि गावात जितके तेलघाणे चालतात, तितक्यांकडून पळी-पळी तेल. आपल्या भाषेतल्या सुरुवातीच्या लेखांपैकी हा एक, आणि त्यात गणिताच्या शाळेचा हिशेब आहे. मला त्या पळीभर तेलाचे फार कौतुक वाटते. वर्गात स्वयंवहाचा श्लोक वाचला जात असेल आणि दिव्यात जळणारे तेल गावातल्या घाण्याचे असेल. तो घाणा आपोआप फिरत नव्हता. त्याला बैल लागे, बैलाला चारा लागे.

ज्येष्ठ सभासद ऐकून थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शाळा काढली म्हणजे प्रश्न विचारायची परवानगी दिलीच की." मोटरचा विषय तिथे संपला. मुलांना मात्र मी मोटरबद्दलही एक गोष्ट सांगितली, कारण तो मोह त्यांच्या आधी पुष्कळांना झाला होता.

पाऱ्याचे चाक भारतातच राहिले नाही. अरबी हस्तलिखितांत अशी चाके सापडतात आणि तेराव्या शतकात ती युरोपात दिसतात. फ्रान्समधल्या विलार द ओनकूर या कारागिराच्या वहीत, १२३०च्या सुमारास, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे चित्र आहे. शहाणे कारागीर यावर दिवसेंदिवस वाद घालत आले आहेत, असे सांगून तो दोन उपाय सुचवतो, विषम संख्येचे हातोडे किंवा पारा. हा पारा पाहून इतिहासकारांना ही कल्पना पूर्वेकडून आली असावी असे वाटते. पुढे लिओनार्दो दा विंचीने अशी अनेक चाके रेखाटली, त्यांचा तोल मोजला आणि अखेर या नादाला लागलेल्यांना किमयागारांच्या पंगतीला बसवले.

पण या न फिरणाऱ्या चाकाचा खरा उपयोग सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने करून दाखवला. १५८६च्या आपल्या ग्रंथात त्याने एका त्रिकोणी उतरंडीवर चौदा गोळ्यांची माळ टाकली. लांब, संथ उतारावर चार गोळ्या, निम्म्या लांबीच्या खड्या उतारावर दोन, बाकीच्या खाली लोंबकळत्या. तो म्हणाला, माळ आपोआप सरकू लागली तर ती कायमच फिरत राहील, आणि ते शक्य नाही. म्हणून माळ स्थिर आहे, म्हणून इकडच्या चार आणि तिकडच्या दोन यांचा तोल सारखा आहे. आमच्या मुलांचे पाच आणि तीन आठवा. लोक शतकानुशतके ज्या अपयशावर डोके आपटत होते, ते त्याने नियम म्हणून हातात घेतले आणि त्यातून उतारावरच्या वजनांचे गणित काढले. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने जाहीर केले, की यापुढे अखंड फिरणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव आम्ही तपासणार नाही.

तरी मोह सुटला नाही. १८१२ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात चार्ल्स रेडहेफर नावाच्या गृहस्थाने आपोआप चालणारे यंत्र दाखवून पैसे गोळा केले. तिथे संशय आल्यावर तो न्यू यॉर्कला गेला. तिथे १८१३ मध्ये आगबोट बनवणारा रॉबर्ट फुल्टन ते पाहायला आला. यंत्राच्या चालीतला डुगडुगणारा ठेका ऐकूनच त्याला कळले, की हे कुणीतरी हाताने फिरवते आहे. त्याने आधाराच्या फळ्या काढल्या. आतून आतड्याच्या तातीची दोरी भिंतीतून वर माळ्यावर गेली होती, आणि तिथे एक म्हातारा एका हाताने दांडा फिरवत बसला होता, दुसऱ्या हातात पाव! मुले पोट धरून हसली. ज्याने मोटर सुचवली होती, तो म्हणाला, "म्हणजे मी माळ्यावरचा आजोबा होणार होतो."

तर असे ते चाक जसे होते तसे मंडपात आले. दहा दिवस मुले पाळीपाळीने कोपऱ्यात उभी राहिली. लोकांनी चाक ढकलावे, थांबलेले पाहावे आणि कारण सांगावे, एवढाच कार्यक्रम. कुणी आसाला तेल नाही म्हणे, कुणी छर्रे बारीक आहेत म्हणे, कुणी नळ्या उलट्या लावायला सांगे. मुलांनी कुणालाही 'चूक' म्हणायचे नाही असे ठरवले होते. जे सुचवले जाई ते तिथेच करून दाखवत. एका संध्याकाळी क्लासमधून परतणारी दोन बाहेरगावची मुले दप्तरांसकट आत आली. कन्नड बोलणारी, आपल्या ओळखीची नव्हती. ती अर्धा तास चाकापाशी होती. शेवटी एकाने नळ्या मोजल्या, इकडे तीन, तिकडे पाच, आणि वर पाहून नुसता हसला. आमच्या मुलीने त्याला काही न विचारता प्रसादाचा द्रोण दिला.

हे सगळे लिहिण्याचे कारण आता सांगतो. आपली मुले पुढे इंजिनिअर होतील, डॉक्टर होतील, परदेशीही जातील. परीक्षेत मोमेंटचे गणित त्यांना येईलच. पण आपल्या परंपरेतले एखादे चाक फिरले नाही तर ते झाकून ठेवायचे, त्याला मोटर लावायची, की मोजायला बसायचे, हे परीक्षा शिकवत नाही. ते घरात आणि मंडळात शिकवावे लागते. भास्कराचार्यांनी वेधाच्या साधनांची यादी दिली, तीत शेवटी धीयंत्र आहे, म्हणजे बुद्धी. बाकी सर्व साधनांच्या वर त्यांनी तिला ठेवले. आचार्यांचा मान राखायचा तर त्यांच्याच या यंत्राने राखावा, असे मला वाटते.

चाक अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे. यंदा मुलांच्या मनात दुसरे काही आहे. मागच्या जून महिन्यात त्यांनी दोन जुनी जाती मिळवली आहेत, आणि खुंटा मध्यापासून किती अंतरावर असला तर दळणाऱ्याच्या हाताला किती जड जाते, हे ती ताणकाट्याने मोजत आहेत. पीठ कुणी खायचे हे अजून ठरलेले नाही. कोपरा तोच आहे. दर्शनाला याल तेव्हा खुंट्याला हात लावून जा.